‘रात्रीस खेळ चाले’ : रहस्य, हेतू आणि प्रेक्षक

२०१६ मध्ये झी मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा प्रारंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो. साहजिकच ‘हे कोण करते?’ हा प्रश्न प्रेक्षकचर्चेच्या केंद्रस्थानी राहिला. भुताइतकाच वारसांवरही संशय घेणाऱ्या या चर्चेत वाड्याच्या वाटणीचे भय डोकावते; सांताक्रूझसारख्या उपनगरातील कोकणी चाकरमान्यांना ते परके नाही. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने कथा मागे नेऊन हयात अण्णा दाखविले. शेवट आधीच ज्ञात असल्याने ‘कोण?’ची जागा ‘का?’ने घेतली. मात्र अण्णा-शेवंता संबंधांची कारणे शोधण्यात रमलेल्या चर्चेत माईंचे सोसणे दुय्यम ठरले. हेतूचा उलगडा म्हणजे अन्यायाचे समर्थन नव्हे, हा विवेक मालिकेने आणि प्रेक्षकांनीही पुरेसा जपला नाही, असे म्हणावे लागते.