जांभूळबीजाची परीक्षा : पद्धतीतील एक उणीव

ज्येष्ठ महिन्यात बदलापूरची जांभळे कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील बाजारांत येतात. फळ संपले तरी अनेक घरांत बी टाकले जात नाही; ते वाळवून त्याची पूड मधुमेही माणसासाठी राखून ठेवतात. आयुर्वेदानेही जम्बूबीज प्रमेहावर सांगितले आहे. या उपचाराची शास्त्रीय परीक्षा पुष्कळ झाली असली, तरी तिच्या रूढ पद्धतीत एक मूलगामी उणीव राहून गेली आहे.

बियांचा अर्क काढावयाचा, पिष्टमय पदार्थांचे शर्करेत विघटन करणाऱ्या विकरांना तो परीक्षानळीत कितपत रोखतो हे मोजावयाचे, आणि त्यावरून गुणाचा निर्णय द्यावयाचा, अशी ही पद्धती आहे. नळीतील द्रव्यच रोग्याच्या शरीरात कार्य करते, हे तीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः बियांतील एलाजिटॅनिने आतड्यात मोडून एलाजिक आम्ल तयार होते व ते फारच थोडे शोषले जाते. उरलेल्या आम्लापासून मोठ्या आतड्यातील जीवाणू युरोलिथिने बनवितात; ती अधिक सुलभतेने रक्तात जातात. या रूपांतराच्या आरंभीच्या पायऱ्या गॉर्डोनिबॅक्टर वंशातील जीवाणू पार पाडतात. पुढील कार्य इतरांचे असते.

परंतु हे जीवाणू सर्वांपाशी सारखे नसतात. २०१४ साली स्पेनमधील संशोधकांनी माणसांचे तीन वर्ग दाखविले. पहिल्या वर्गात अखेरीस केवळ युरोलिथिन-ए तयार होते. दुसऱ्यात त्याच्या जोडीला आयसोयुरोलिथिन-ए व युरोलिथिन-बी आढळतात. तिसऱ्यात यांपैकी एकही तयार होत नाही. म्हणजे एकाच बरणीतील पूड तीन माणसांच्या पोटांत तीन निरनिराळी द्रव्ये ठरू शकते. अशांना एकत्र मोजून काढलेली सरासरी कोणाविषयीच खरे बोलत नाही.

तथापि जीवाणूंचा हा शोध म्हणजे परंपरेला मिळालेले प्रमाणपत्र नव्हे. युरोलिथिनांचा रक्तशर्करेवरील इष्ट परिणाम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची रुग्णांवर चाचणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत त्या चहाने रक्तशर्करा उतरल्याचे आढळले नाही. पान म्हणजे बी नव्हे, हे खरे. परंतु लोकविश्वास हा पुरावा नव्हे, हेही तितकेच खरे.

ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांत जांभूळबीजावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अर्काच्या मोजमापावर थांबू नये. पूड घेणाऱ्यांच्या मूत्रातील युरोलिथिने तपासून प्रथम त्यांचे वर्ग पाडावेत आणि मगच गुणावगुणाचा विचार करावा. तोवर पुडीच्या भरवशावर वैद्यकीय उपचार सोडणे हे रोग्याच्या जिवाशी खेळणे होय.