मॅक्रोनं नाव झाकलं, मांडणी नाही

सी भाषेत लिहिलेल्या इंटरप्रिटरनं आपला ऑब्जेक्ट मेमरीत कसा मांडलाय, हे बाहेरच्या कोडला कळू द्यावं का? आमचं मत आहे, नाही. का, ते सीपायथनवरून पाहू.

तिथं प्रत्येक ऑब्जेक्टच्या सुरुवातीला मुख्यतः दोन गोष्टी असतात : संदर्भांची मोजणी आणि टाइपकडे नेणारा पॉइंटर. हे स्ट्रक्ट हेडर फाइलमध्ये उघडं आहे. वर पाय-टाइप, पाय-इन्क्रेफ अशी नावं आहेत. वाटतं, झालं की अ‍ॅबस्ट्रॅक्शन! पण मॅक्रो कंपाइल होतानाच उलगडतो. एकदा एक्स्टेन्शन तयार झालं की मोजणीचा रकाना कुठं आहे, हे त्याच्या मशीन कोडमध्ये पक्कं होऊन बसतं. लोक तर पाय-टाइपला थेट नवी किंमतही नेमून द्यायचे. ३.११ मध्ये त्याचं इनलाइन फंक्शन केलं, तेव्हा ते थांबलं. पण इनलाइन म्हणजे बायनरीत पुन्हा उघडंच.

३.२ पासून मर्यादित एपीआय आला. त्यानं लिस्ट वगैरेंचं पोट झाकलं, तरी हे दोन रकाने उघडेच राहिले. २०२४ साली ३.१३ मध्ये जागतिक लॉक नसलेलं प्रायोगिक बिल्ड आलं. त्यात मोजणी दोन भागांत विभागली : एक मालक थ्रेडची, एक सामायिक. परिणाम काय? त्या बिल्डसाठी एक्स्टेन्शन वेगळी कंपाइल करावी लागतात.

याउलट लुआ पाहा. सी कोडनं स्टॅकवरची जागा सांगायची, फंक्शन बोलवायचं. आतलं स्ट्रक्ट दिसत नाही. म्हणूनच लुआजिटला किमतींची मांडणी पार बदलून ती ८ बाइटांत बसवता आली, आणि लुआ ५.१ चा सी एपीआय तसाच ठेवता आला.

आक्षेप येतो तो वेगाचा : दरवेळी फंक्शन कॉल! आक्षेप खरा आहे. छोट्या ऑब्जेक्टांवरच्या लूपमध्ये तो जाणवेल. पण नमपायसारखं अवजड काम अ‍ॅरेच्या आतल्या कच्च्या आकड्यांवर चालतं, तिथं हा खर्च फक्त वेशीवर पडतो. थोडा वेग देऊन बदलाची मोकळीक मिळत असेल, तर सौदा वाईट नाही.

स्वतःचा इंटरप्रिटर लिहिताय? मग हे करून बघा : स्ट्रक्टमधल्या दोन रकान्यांची अदलाबदल करा. बाहेरचं मॉड्यूल पुन्हा कंपाइल न करता चाललं, तरच त्याला अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणा.