फाटक : आशय आणि आविष्कार

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, फाटकाची मात्र होत नाही. वास्तविक कविता न वाचता माणसाचा जन्म सुखाने जातो. फाटक दिवसातून दहादा उघडावं लागतं. तेव्हा ही उणीव मीच भरून काढायचं ठरवलं आहे.

आमच्या डोंगरकड्याला, म्हणजे कळमनुरी तालुक्यात, या वाङ्मयाची परंपरा जुनी आहे. आधी बाभळीच्या काट्यांची वई. ती लोकगीतासारखी, तिचा कर्ता कोण ते कुणी विचारत नसे, आणि दर हंगामाला नवी आवृत्ती निघे. मग तार आली. अमेरिकेतल्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट घेतलं, आणि बाभळ फुकट देत होती तो काटा वजनावर विकत घ्यायची सोय झाली. आता घरोघर लोखंडी फाटक आहे.

आविष्काराच्या बाजूने हे फाटक निर्दोष असतं. वर भाले, मध्ये उगवता सूर्य, दोन्हीकडे मोर, खाली कमळ आणि रुपेरी अक्षरांत ‘आईची पुण्याई’. हा सगळा संसार लटकतो बिजागऱ्यांवर, बिजागऱ्या खांबावर आणि खांब उभा काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यात दीड फूट पुरलेला खांब दोन पावसाळ्यांत शेजाऱ्यापुढे झुकतो. (शेजारी झुकत नाही, तो भाग वेगळा.) मग फाटकाचं नाक जमिनीला लागतं आणि कडी भोकात जात नाही.

माझा खरा आक्षेप आहे तो यानंतरच्या दुरुस्तीवर. मिस्त्री येतो, कडीकडे बघतो, खांबाकडे बघत नाही.

“काही नाही गुरुजी, भोक जरा खाली घेऊ.”

“अहो, पण खांब कललाय!”

“कललाय ते खरं हाय. पण कडी लागल्याशी मतलब ना आपल्याला?”

या प्रश्नाला मराठी समीक्षेत उत्तर नाही. आमच्या शेजारच्या फाटकाला अशी तीन भोकं आहेत. झाडाचं वय वलयांवरून काढतात, तसं त्या फाटकाचं भोकांवरून काढावं.

अशा फाटकाला उघडायची एक रीत असते : जरा उचलायचं, गुडघ्याने रेटायचं आणि वर काही पुटपुटायचं. ती घरच्यांनाच ठाऊक. चोराचं काही अडत नाही, तो कुंपणावरून येतो. अडतो पाहुणा. आणि मध्यरात्री घरातल्या म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागलं, की दारापर्यंत गाडी येत नाही. कारण दुसरा पल्ला कधीचाच रुतून बसलेला असतो. त्या वेळी मोर काही हातभार लावत नाहीत.

उपाय मिस्त्रीलाही माहीत असतो. खांबाचा खड्डा भेगा संपून मुरूम लागेपर्यंत न्यायचा. दोन्ही खांब जमिनीखालून सळई-काँक्रीटच्या तुळईने एकमेकांना बांधायचे. पल्ल्यात खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा अँगल द्यायचा, म्हणजे तो लोंबत नाही. पण यातला निम्मा खर्च मातीखाली जातो, आणि वास्तुशांतीला आलेली मंडळी माती उकरून बघत नाहीत. म्हणून आपण मोर घेतो.

माझं एवढंच म्हणणं आहे, की आधी खांब रोवा. मोर काय, पुढच्या दिवाळीलाही बसवता येतो.