परीक्षा आणि मोह : ‘स्मृतिचित्रे’ आणि मराठी ख्रिस्ती आत्मकथन

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत एक शब्द असा आहे की, त्याच्या मराठी रूपापाशी वाचकाने क्षणभर थांबावयास हवे. मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात. बाहेरून होणारी कसोटी हा एक आणि मनाला पडणारी भुरळ हा दुसरा. प्रचलित मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनी तेथे ‘परीक्षा’ हा शब्द योजिला. तो चुकीचा आहे असे नव्हे. परंतु ‘मोह’ हा शब्द हाताशी असता तो बाजूस राहिला, आणि त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी जे मागणे आले ते किंचित वेगळ्या वळणाचे झाले. परीक्षा दुसरा कोणी घेतो. मोह आपला आपणच पोसतो. परीक्षेला दिवस असतो, वेळ असते, शेवटी निकाल असतो. मोहाला यांपैकी काहीच नसते.

आपल्या कथापरंपरेत परीक्षा ही नेहमी भव्य असते. श्रीधराच्या ‘शिवलीलामृता’तील चांगुणा घ्या, नाहीतर हरिश्चंद्र घ्या. एकच भयंकर प्रसंग येतो, भक्त त्यात उतरतो, आणि अखेरीस अतिथीच्या वेषातील देव प्रकट होऊन चिलया बाळाला परत उठवितो. या कथा ऐकत वाढलेल्या मनाला धर्मनिष्ठा म्हणजे अशा एका दिव्याची तयारी असेच वाटत राहते. धर्मांतर करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीयांच्या आयुष्यात असे दिव्य खरोखरीच आले, आणि म्हणूनच त्यांच्या आत्मकथनांवर या साच्याची छाया पडली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्ञातीने टाकणे, आईबापांचा आक्रोश, वाळीत पडणे हे सारे त्यांनी सोसले. पण सोसून झाल्यावर काय? दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावीच लागते. त्या सकाळीची हकीकत कोणी लिहिली आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ (१८८४) हा या प्रकारातील आद्य आणि अजूनही वाचनीय ग्रंथ. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या या गृहस्थाने १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी मुंबईतील परमहंस सभेच्या गुप्त मंडळात त्यांची ऊठबस होती. मनाने एकीकडे आणि देहाने दुसरीकडे, अशा अवस्थेत घालविलेल्या दिवसांचे त्यांनी केलेले वर्णन प्रामाणिक आहे. बुद्धीला पटलेले आचरणात आणण्याचे धैर्य नाही, ही त्या काळच्या सर्वच सुधारकांची व्यथा होती, आणि पदमनजींनी ती लपविली नाही. तथापि ग्रंथाचा सारा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेवर आहे. नावच अरुणोदय. पहाट झाली, ग्रंथाचे कार्य संपले. नंतरचा दिवस कसा गेला, ऊन किती लागले, हे त्या ग्रंथाला सांगावयाचेच नव्हते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि खरा झगडा त्यानंतर सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन आणि डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार अ. ब. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला म्हणजे श्रद्धा ही शंकेच्या शेजारी किती काळ नांदू शकते हे कळते. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पचेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारीत. अंडे घातलेले पक्वान्नही त्यांना चालत नसे. गुरुस्थानी असलेल्या साध्वींना हा गर्व वाटला. आज वाचताना ती विवेकबुद्धीची जागरूकता वाटते. पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनीच सांगितले की, ख्रिस्ती धर्म आपणास सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. आणि त्या दोहोंमध्ये सुमारे आठ वर्षे गेली. मराठीतील धार्मिक गद्यात याहून धाडसी कबुली क्वचितच आढळेल. मात्र ‘साक्ष’ या प्रकाराची म्हणून एक शिस्त असते. प्राप्तीच्या क्षणाभोवती सर्व आयुष्य रचून मांडावयाचे असते, त्यामुळे आधीची शंका ही केवळ पायरी ठरते. पत्रांतील रमाबाई अधिक जिवंत आहेत, कारण पत्र लिहिताना शेवट ठाऊक नसतो.

(हैदराबादच्या वाचकास हा सर्व व्यवहार पुणे-नगर-मुंबईचा वाटण्याचा संभव आहे. पण रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल जालन्याजवळचे, म्हणजे निजामाच्या मुलखातले. आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी १९१२ च्या सुमारास शाळा चालविली ती गुलबर्ग्यास. मराठी ख्रिस्ती जीवनाचा हा पट आपल्या जुन्या संस्थानातूनही विणला गेला आहे.)

आता ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची थोरवी आता कोणास सांगावयास नको. पण ती थोरवी आपण कोणत्या गुणांवर उभी केली आहे? विनोद, प्रांजळपणा आणि बोलभाषेचा गोडवा ही तीन विशेषणे आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि वर्गांतून इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की, पुस्तक कशाविषयी आहे हेच विसरले जावे. विक्षिप्त कवी आणि त्याची सोशिक, हजरजबाबी बायको, अशी एक गृहकथा आपण विद्यार्थ्यांच्या हाती देतो. ती गृहकथा आहेच. परंतु जिला आपण केवळ गंमत समजतो, ती श्रद्धेच्या रोजच्या कसोटीची नोंद आहे, आणि या दृष्टीने मराठीत तिला जोड नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक की, मिठासारखी वस्तूही धुऊन घ्यावयाची. अशा घरात वाढलेल्या मुलीचा पती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस ख्रिस्ती झाला. पुढची काही वर्षे विरहात गेली. नंतर त्या पतीकडे परतल्या, त्याही आपला धर्म, आपले पाणी आणि आपली चूल वेगळी राखून. प्रेम एका बाजूस आणि विटाळाची भीती दुसऱ्या बाजूस. हा तिढा कोणत्याही धर्मग्रंथाच्या वाचनाने सुटला नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न राहुरीस असताना त्यांच्या मनाने घेतला, उत्तर मनानेच दिले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, त्यांच्या बाबतीत सिद्धांत शेवटी आला. आधी आला तो पाण्याचा पेला. पदमनजींचे डोके आधी ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंचे हात आधी झाले असे म्हणावयास हरकत नाही.

आणि मग नंतरचा दिवस. टिळकांचा राग, त्यांचे न सांगता घराबाहेर पडणे, हातचे देऊन टाकण्याची हौस, घरात आणून ठेवलेली अनाथ मुले, रिकामा डबा. यांतील एकेक गोष्ट सद्गुण आहे आणि एकेक गोष्ट छळही आहे. दारी आलेल्यास सर्वस्व देणारा पुरुष घरच्या बाईस कोणत्या परीक्षेत टाकतो, हे चरित्रकारांना दिसत नाही. ते तिलाच दिसते. तिला मोह पडतो तो दागिन्यांचा वा प्रतिष्ठेचा नव्हे. आपण बरोबर आहोत आणि नवरा वेडा आहे, असे मानण्याचा तो मोह आहे. या मोहाला शरण गेलेली आत्मचरित्रे मराठीत थोडी नाहीत. लक्ष्मीबाई प्रसंग सांगता सांगता पहिले हसे आपलेच करून घेतात, आणि त्या क्षणी पारडे समतोल होते. त्यांचा विनोद हा स्वभावविशेष खरा, पण तो आत्मपरीक्षणाची रीतही आहे. ज्या पंथात पाद्र्यापुढे पापनिवेदन करण्याचा परिपाठ नाही, तेथे ते काम या बाईने वाचकापुढे हसत हसत केले. पश्चात्तापाचा जड शब्द त्या फारसा वापरीत नाहीत.

येथे बहिणाबाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. १६२८ साली जन्मलेली, शिऊरला जिची समाधी आहे ती बहिणाबाई आपल्या मराठवाड्याचीच. ब्राह्मण कुळातील या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले, आणि पतीचा मार खाल्ला. पुढे आजारात त्याचे मन पालटले आणि दोघे देहूस राहिली. दोन्ही कथा एकमेकींच्या उलट आहेत. तेथे पत्नी उंबरठा ओलांडते आणि पती पेटतो. येथे पती ओलांडतो आणि पत्नी मागे राहते. पण दोघींना एकच प्रश्न पडतो. पतीशी निष्ठा आणि देवाशी निष्ठा यांची वाट फुटली तर पाय कोठे टाकावा? बहिणाबाईच्या आत्मनिवेदनातही देहाची कुचंबणा आहे, स्वतःविषयीचा संशय आहे. मात्र तिला सोडवावयास स्वप्नदर्शन येते. लक्ष्मीबाईंना तशी सोय नाही. बहिणाबाईच्या या अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९२९ साली जस्टिन अॅबट यांनी प्रसिद्ध केले, आणि हे गृहस्थ टिळकांच्याच अमेरिकन मराठी मिशनचे होते. आपल्या टीकाकारांनी मात्र या दोन स्त्रियांना शेजारी बसविण्याची तसदी क्वचितच घेतली.

टिळकांच्या कवितेसंबंधी येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. ‘अभंगांजली’तील छंद, गुरुमाउलीची हाक, नामाची गोडी ही त्या पुलाची साक्ष आहे. ओढ ही टिळकांची खरी शक्ती. परंतु तुकोबांचा जो दुसरा स्वर आहे, म्हणजे आपल्याच मनाशी चाललेले वैर, आपल्या भक्तीविषयीची भीती, देवाशी भांडण, तो ‘अभंगांजली’त क्षीण आहे. मूल आईकडे धावते तसे टिळक ख्रिस्ताकडे धावतात; वाटेत पडल्याची खूण अभंगात फारशी उमटत नाही. याचा अर्थ ते पडले नाहीत असा नव्हे. पगारी धर्मसेवेविषयीची त्यांची अस्वस्थता कृतीतून दिसते. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खचलेली. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्याच्या मनात संशय नाही तो असा उठत नाही. पण तो संशय आपल्याला कवितेत नव्हे, पत्नीच्या गद्यात वाचावा लागतो. रागावलेले टिळक आणि त्यानंतर विरघळलेले टिळक ‘स्मृतिचित्रे’त भेटतात. टिळकांच्या अभंगांना तिचे गद्य हे आवश्यक भाष्य आहे, असे म्हणणे काव्यप्रेमींना रुचणार नाही. पण त्यावाचून ते अभंग अर्धेच कळतात.

यावर एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंनी हे लिहिले ते टिळकांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, साठी ओलांडल्यावर. वेदनेची धार गेली म्हणून विनोद सुचला. तेव्हाच्या मनाची ती खरी नोंद कशी मानावी? आक्षेप टाकाऊ नाही. रमाबाईंच्या पत्रांना जो तत्क्षणीचा अधिकार आहे तो या ग्रंथाला नाही. परंतु कालांतराने माणूस बहुधा आपला पराभव सावरून सांगतो. येथे तसे झालेले नाही. सोवळे सुटतानाची चलबिचल, पतीविषयीचा रोष, एकटेपणी मनात आलेले काळे विचार यांपैकी काहीही धर्माच्या विजयकथेत बसविण्यासाठी छाटलेले दिसत नाही. मिशनच्या दृष्टीने हे पुस्तक प्रचारास फारसे उपयोगी नव्हते, आणि ज्ञातीच्या दृष्टीने निषेधासही नव्हते. दोन्ही पक्षांना ते आपले म्हणता आले नाही, म्हणून ते साऱ्या मराठी वाचकांचे झाले.

या पार्श्वभूमीवर अलीकडचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुबोध बायबल’चे हे लेखक २०२४ साली निवर्तले. त्यांच्या निवडीनंतर वाद उठला तो धर्मगुरू संमेलनाध्यक्ष असावा काय याविषयी. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही पुन्हा त्या धर्मांतराच्या उंबरठ्यावरच उभे होते. त्यांच्या लेखनात संन्यस्त माणसाचे एकाकीपण कसे येते, वसईच्या मातीची ओढ आणि व्रताची शिस्त यांचे नाते काय, याची चर्चा त्या गदारोळात ऐकू आली नाही.

आपल्या महाविद्यालयांत ‘स्मृतिचित्रे’तील उतारा शिकविताना शिक्षकाने एवढे करून पाहावे. विद्यार्थी हसले की तेथेच थांबून, ही बाई या ठिकाणी कोणाला दोष देऊ शकली असती आणि तिने तो का दिला नाही, असे विचारावे. उत्तर लगेच येणार नाही. एखादी मुलगी आपल्या आजीची गोष्ट सांगू लागेल; ती सांगू द्यावी.