जिंकणाऱ्याचा पराभव : जॉन ल कारे यांच्या हेरकादंबरीचे आकर्षण

हेरकादंबरीचा वाचक नेमका कशाने खिळून राहतो, या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारणपणे ‘रहस्याने’ असे दिले जाते. १२ डिसेंबर २०२० रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी दिवंगत झालेले इंग्रज कादंबरीकार जॉन ल कारे यांच्या कृतींपुढे हे उत्तर अपुरे पडते. त्यांच्या कादंबऱ्यांत रहस्य उलगडल्यानंतर वाचकाची अस्वस्थता शमत नाही, उलट वाढते. रूढ रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की विस्कटलेली घडी पुन्हा बसते. ल कारे यांच्याकडे घरभेदी सापडतो आणि त्यानंतर घराचाच भरवसा वाटेनासा होतो. त्यांच्या हेरकथेचे आकर्षण या अस्वस्थतेत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

डेव्हिड कॉर्नवेल हे त्यांचे मूळ नाव. वडील रॉनी हे फसवणुकीच्या व्यवहारांत मुरलेले व त्यापायी तुरुंगवास भोगलेले गृहस्थ. आई मुलाच्या वयाच्या पाचव्या वर्षी घर सोडून गेली. पुढे ब्रिटनच्या अंतर्गत व परदेशी अशा दोन्ही गुप्तचर सेवांत त्यांनी काम केले आणि पश्चिम जर्मनीतील बॉन येथील वकिलातीत असताना ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (१९६३) ही कादंबरी लिहिली. त्याच वर्षी ब्रिटिश गुप्तचर सेवेतील किम फिल्बी हा सोव्हिएत हस्तक बैरूतहून मॉस्कोला पळाला. हे तपशील इतके नाट्यमय आहेत की चरित्रपर समीक्षेचा मोह आवरणे कठीण जाते. तथापि फसवणारा बाप आणि फितूर सहकारी यांतून विषय मिळतो, कादंबरी मिळत नाही. ‘अ परफेक्ट स्पाय’ (१९८६) मध्ये वडिलांचे चित्र थेट येते. पण तेथेही लेखकाचे यश आत्मकथनात नसून, प्रत्येकाला हवा तसा चेहरा दाखवता दाखवता स्वतःचा चेहरा गमावलेला नायक उभा करण्यात आहे.

१९६३ च्या कादंबरीतील ॲलेक लीमस याची अशी समजूत असते की, आपली कामगिरी पूर्व जर्मन गुप्तचर अधिकारी मुंट याचा काटा काढण्याची आहे. प्रत्यक्षात मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस असतो आणि त्याच्यावर संशय घेणारा फीडलर हा खरा बळी ठरवलेला असतो. फीडलर ज्यू आहे, बुद्धिमान आहे आणि आपल्या विचारसरणीशी प्रामाणिक आहे. मुंट क्रूर असून ज्यूद्वेष्टा आहे. लोकशाहीचे रक्षक या दोघांतून मुंटची निवड करतात. लीमसवर प्रेम करणारी लिझ गोल्ड हिचाही या डावात सोंगटीसारखा वापर होतो. बर्लिनच्या भिंतीवर ती गोळीला बळी पडते आणि सुटका हाताशी असताना लीमस तिच्या बाजूला परत उतरतो. इयान फ्लेमिंग यांच्या बाँडकथांवर पोसलेल्या वाचकाला हा शेवट अनपेक्षित वाटला असल्यास नवल नाही. सॉमरसेट मॉम यांनी ‘ॲशेंडेन’ (१९२८) मध्ये हेरगिरीतील रुक्षपणा आधीच दाखवला होता. परंतु त्या रुक्षपणाला नैतिक किंमत जोडण्याचे काम ल कारे यांनी केले.

हीच किंमत ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४), ‘दि ऑनरेबल स्कूलबॉय’ (१९७७) आणि ‘स्माइलीज पीपल’ (१९७९) या कादंबरीत्रयीत अधिक सूक्ष्मपणे मोजली जाते. जॉर्ज स्माइली हा बुटका, स्थूल, गबाळा नायक. त्याचा प्रतिस्पर्धी सोव्हिएत गुप्तहेरप्रमुख कार्ला. दोघांची भेट पूर्वी दिल्लीच्या तुरुंगात झालेली आहे. (या दिल्लीत उकाडा व तुरुंग यांपलीकडे भारत जवळजवळ नाही, हेही नोंदवले पाहिजे.) त्या भेटीत स्माइली बोलत राहतो, कार्ला मौन पाळतो आणि पत्नी ॲन हिने स्माइलीला भेट दिलेला लायटर घेऊन जातो. चौकशी करणाराच आपले मर्म उघड करून बसतो. पुढे कार्लाच्या सांगण्यावरून घरभेदी बिल हेडन हा ॲनशी संबंध ठेवतो, तो याच मर्मावर नेम धरून.

‘स्माइलीज पीपल’मध्ये स्माइली हाच धडा उलटवतो. मनोरुग्ण मुलीला स्वित्झर्लंडमधील रुग्णालयात गुप्तपणे ठेवण्यासाठी कार्लाने आपल्याच व्यवस्थेचे नियम मोडलेले असतात. त्याच्या कठोर आयुष्यातील ही एकमेव माया. तिचाच फास होतो. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला येथे विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चाणक्यही अमात्य राक्षसाला मुद्रा, बनावट पत्र आणि हेरांचे जाळे यांनी एकटे पाडतो. पण अखेरीस राक्षस शरण येतो तो वधस्थानी नेलेल्या चंदनदास या मित्राच्या प्रेमापोटी. दोन्हीकडे शत्रू त्याच्या दोषामुळे नव्हे, तर गुणामुळे हाती लागतो. फरक पुढे आहे. चाणक्याला राक्षसाचा तो गुण नव्या राज्यासाठीच हवा असतो, म्हणून नाटकाचा शेवट मंगल होऊ शकतो. स्माइलीपाशी असे राज्य नाही. कार्ला बर्लिनची सीमा ओलांडून येतो आणि लायटर जमिनीवर टाकतो. स्माइली तो उचलत नाही. विजयाची आठवण सहकाऱ्याने करून दिल्यावर त्याचा होकारही साशंक असतो. शत्रूच्या पद्धतीने शत्रूला जिंकल्यावर आपल्यात व त्याच्यात अंतर किती उरले, हा प्रश्न लेखक शब्दांत मांडत नाही. न उचललेला लायटर तो मांडतो.

या लेखनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ॲन ही बव्हंशी इतरांच्या आठवणींत वावरते. लिझचे भाबडेपण कथानकाच्या सोयीचे आहे. पुरुषांच्या परस्परनिष्ठेला जी खोली मिळते, ती स्त्रीपात्रांना क्वचित मिळते. शीतयुद्धोत्तर काळातील ‘द कॉन्स्टंट गार्डनर’ (२००१) मध्ये केनियातील औषधकंपनीच्या अनाचाराविषयीचा संताप न्याय्य आहे. परंतु खलपक्ष इतका निश्चित झाल्यावर वाचकाला स्वतःच्या बाजूविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही आणि कादंबरी तेवढी सपाट होते.

‘अ लेगसी ऑफ स्पाइज’ (२०१७) मध्ये लेखक जुन्या जखमेकडे परतला. लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी आता गुप्तचर खात्याला न्यायालयात खेचू पाहतात आणि निवृत्त पीटर गिलमला जाब द्यावा लागतो. अखेरीस वृद्ध स्माइली भेटतो व आपण जे केले ते युरोपसाठी केले, अशा आशयाचे उत्तर देतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या वाटेवर असताना आलेले हे उत्तर करुण आहे, लेखकाच्या राजकीय भूमिकेशी सुसंगतही आहे. मात्र लिझच्या मुलीला ते पुरेल, असे कादंबरीत कोठेही दिसत नाही.