वारसकन्येचे चरित्र : रखमाबाई-प्रकरणाचे पुनर्वाचन

सतराव्या शतकातील इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांच्या वारसकन्या हा इंग्रजी चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकांचा आवडता विषय आहे. यॉर्कशरमधील मार्गारेट होबी (१५७१–१६३३) ही पित्याची एकुलती एक कन्या व वारस. तिचे तीन विवाह झाले. १५९९ ते १६०५ या काळातील तिची रोजनिशी इंग्रज स्त्रीने लिहिलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध रोजनिश्यांत गणली जाते. तीत प्रार्थना आहे, धर्मग्रंथांचे वाचन आहे, आजाऱ्यांची शुश्रूषा व घरचे हिशेब आहेत. परंतु ज्या वारशाने तिच्या विवाहांची दिशा ठरविली त्याविषयी ती जवळजवळ मूक आहे. लंडनलगतच्या एबरी येथील जमिनीची वारस मेरी डेव्हिस हिची गोष्ट याच्या उलट. १६६५ च्या प्लेगात पिता वारला तेव्हा ती तान्ही होती. बाराव्या वर्षी, १६७७ मध्ये, सर टॉमस ग्रोव्हनर याच्याशी तिचे लग्न झाले आणि तिच्या कुरणांवर पुढे मेफेअर व बेलग्रेव्हिया या वसाहती उभ्या राहिल्या. तिचे चरित्र मात्र करारपत्रे व खटल्यांचे कागद यांतूनच जुळवावे लागते. वारसकन्येच्या चरित्राच्या अशा दोन संहिता असतात. एक तिची स्वतःची आणि दुसरी तिच्या मालमत्तेची. या दोहोंत क्वचितच संवाद आढळतो.

मराठी मुलखात वारस म्हणून कन्येचा विचार झाला तो बहुधा तिच्या पोटी येणाऱ्या पुत्राच्या निमित्ताने. नागपूरच्या वाचकास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १८१८ मध्ये अप्पासाहेब पदच्युत झाल्यावर गादीवर आलेला तिसरा रघूजी हा दुसऱ्या रघूजीच्या बानूबाई या कन्येचा मुलगा. परसोजीची विधवा दुर्गाबाई हिच्या मांडीवर त्यास दत्तक दिल्यावरच तो भोसला झाला. राज्य कन्येच्या पुत्राकडे गेले, परंतु कन्येचे नाव वंशावळीच्या कडेलाच राहिले. ज्या मराठी स्त्रीच्या बाबतीत वारसा स्वतः तिच्याच हाती राहिला, ज्या वारशाभोवती एक मोठा खटला उभा राहिला आणि जिने स्वतः लेखणीही उचलली, अशी स्त्री शोधू गेल्यास दृष्टी रखमाबाईंवर (१८६४–१९५५) स्थिरावते. त्यांचे प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. त्या प्रकरणातील वारसकन्या मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस सुतार ज्ञातीत झाला. पिता जनार्दन पांडुरंग वारले तेव्हा त्या अडीच वर्षांच्या होत्या व आई जयंतीबाई सतरा वर्षांची. पुढे सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. ज्ञातीत त्यास आडकाठी नव्हती. विवाहापूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. या मालमत्तेची किंमत सुमारे २५,००० रुपये सांगितली जाते. चरित्रग्रंथांतून या घटनेचा उल्लेख मातेच्या वात्सल्याचा दाखला म्हणून येतो. वात्सल्य होतेच. पण या कृतीस कायद्याची एक पार्श्वभूमीही आहे व ती सोडून चालणार नाही. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पूर्वपतीच्या मालमत्तेवरील हक्क ती मृत झाली असे मानून संपुष्टात येई व ती मालमत्ता पतीच्या पुढील वारसाकडे जाई. पुत्र नसता असा वारस म्हणजे कन्या. ज्या कायद्याने विधवेस नवा संसार मोकळा केला त्यानेच जुन्या संसाराच्या मालमत्तेचे दार तिला बंद केले. एका स्त्रीचा पुनर्विवाह हाच दुसरीच्या वारसाहक्काचा आरंभबिंदू होता.

मुंबई बेटावर प्रमाण मानला जाणारा ग्रंथ म्हणजे नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख. हा निबंधकार सतराव्या शतकातला, मूळ पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातला. त्याच्या परंपरेने चालणाऱ्या मुंबई इलाख्यात पित्याकडून वारशाने आलेले धन कन्येस पूर्ण मालकीने मिळे. बंगाल व मद्रास येथे तिला केवळ हयातीपुरता हक्क असे. त्याच शतकात इंग्लंडात विवाह होताच स्त्रीची जंगम मिळकत पतीची होई व स्थावराचा ताबा त्याच्याकडे जाई. त्यातून सुटण्यासाठी श्रीमंत बापांस चान्सरी न्यायालयाच्या आश्रयाने विश्वस्त नेमून वेगळे धन राखावे लागे. सतराव्या शतकातील इंग्रज वारसकन्येपेक्षा त्याच शतकातील मयूखाच्या आधारे वारस झालेली मुंबईची मुलगी धनाच्या बाबतीत अधिक स्वतंत्र होती, असे म्हणावयास हरकत नाही. देहाच्या बाबतीत ती किती स्वतंत्र होती, हा प्रश्न १८८४ मध्ये न्यायालयापुढे आला.

अकराव्या वर्षी, १८७६ मध्ये, सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाशी रखमाबाईंचा विवाह झाला. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिक्षण घेऊन मार्गास लागावे, अशी योजना होती. घरजावयाची योजना ही वारसकन्येच्या विवाहाची देशी रीत होय. मुलगी घराबाहेर न जाता जावई घरात येतो व मालमत्ता जागची हलत नाही. ही योजना फसली. दादाजी शिकला नाही, मामाच्या घरी जाऊन राहिला, कर्जबाजारी झाला, आजारी पडला. रखमाबाई आईच्या घरी वाचीत राहिल्या. मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलांमार्फत पत्नीची मागणी केली व पुढे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला.

दाव्याचा क्रम परिचित आहे. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना होणार कशी, हा त्यांच्या निर्णयातील कळीचा मुद्दा. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्या. बेली यांनी तो निर्णय फिरविला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी रखमाबाईंनी महिन्याच्या आत पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. तुरुंग पत्करू, पण जाणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. मलबारी प्रभृतींनी त्यांची बाजू घेतली, केसरीने विरुद्ध.

या काळात रखमाबाईंनी केलेले लेखन हाच प्रस्तुत विवेचनाचा खरा विषय. ते इंग्रजीत असल्यामुळे मराठी समीक्षेने त्याकडे पाहिले नाही, ही उपेक्षा समर्थनीय नाही. सखाराम अर्जुन एप्रिल १८८५ मध्ये निवर्तल्यावर दोनच महिन्यांनी, २६ जून रोजी, टाइम्स ऑफ इंडियामध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने त्यांचे पहिले पत्र प्रसिद्ध झाले. त्याचा विषय बालविवाह. दुसरे १९ सप्टेंबरला, म्हणजे पिन्हे यांच्या निर्णयाच्या दोन दिवस आधी आले. त्याचा विषय सक्तीचे वैधव्य. पहिल्या पत्राचा विषय लेखिकेच्या अनुभवातून आला हे उघड आहे. दुसऱ्याचे तसे नाही. सक्तीचे वैधव्य त्यांच्या घरात नव्हते. त्यांच्या ज्ञातीत विधवा पुनर्विवाह करू शके, खुद्द आईने तो केला होता व त्या विवाहाच्या निमित्तानेच रखमाबाई मालमत्तेच्या धनी झाल्या होत्या. तरी पत्रलेखिका उच्चवर्णीय विधवेचे दुःख आपल्या वर्गाचे दुःख म्हणून मांडते. येथे टोपणनावाचे कार्य लक्षात येते. त्याने केवळ नाव झाकले नाही. ज्ञात, आईचा पुनर्विवाह, स्वतःची मिळकत, घरजावई हे सारे बाजूस सारून त्याने एक सर्वसामान्य, सर्व जातींच्या वतीने बोलू शकणारी हिंदू स्त्री निर्माण केली. या पत्रांचे वाङ्मयीन बळ या सर्वसामान्यतेत आहे आणि त्यांची मर्यादाही तीच. पीडितांची प्रतिनिधी व्हावयाचे तर धनिक असून चालत नाही. होबीच्या रोजनिशीत वारसा धर्मचिंतनाखाली दडला. येथे तो सुधारणेच्या युक्तिवादाखाली दडला.

वारशाचा विषय छापील चर्चेत आणला तो प्रतिपक्षाने. १८८७ मध्ये दादाजीने आपली बाजू मांडणारे इंग्रजी निवेदन प्रसिद्ध केले. सासरच्या मंडळींच्या विरोधामागे मालमत्ता हातची जाऊ न देण्याचा हेतू आहे, असा त्याचा रोख होता. जूनअखेर बॉम्बे गॅझेटमध्ये रखमाबाईंनी त्यास उत्तर दिले. ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचावयास हवीत. मालमत्तेचा मोह कोणास, या प्रश्नावर दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवितात. परंतु साहित्याच्या अभ्यासकास महत्त्वाचे आहे ते रखमाबाईंच्या स्वरातील अंतर. १८८५ ची पत्रलेखिका एका वर्गाच्या वतीने बोलते. १८८७ ची लेखिका विशिष्ट घरातील, विशिष्ट व्यवहारांविषयी, विशिष्ट माणसांस उद्देशून बोलते. ‘हिंदू स्त्री’ मागे सरते आणि जनार्दन पांडुरंगांची कन्या पुढे येते. आत्मचरित्र म्हणून पाहता हे उत्तर आधीच्या दोन्ही पत्रांपेक्षा मोलाचे आहे. त्याची आठवण मात्र सर्वांत कमी राहिली. प्रतिपक्षाने काढलेला विषय म्हणून रखमाबाईंच्या चाहत्यांस तो अप्रिय वाटला असावा. मिळकतीचे नाव काढताच त्यांच्या नकाराचे तेज उणावते, अशी भीती त्यामागे दिसते.

ही भीती किती दूरवर गेली याचे प्रत्यंतर खुद्द शिक्षेच्या स्मरणात मिळते. १८८२ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या २६० व्या कलमात अशा हुकुमाच्या अंमलबजावणीचे मार्ग दिले होते ते तुरुंगवास, मिळकतीची जप्ती किंवा दोन्ही. इंग्लंडात १८८४ मध्ये या कारणासाठी तुरुंगवास रद्द झाला होता. हिंदुस्थानात तो टिकून होता. लोकांच्या स्मरणात तुरुंग राहिला, जप्ती विसरली गेली. दरिद्री पत्नीवर जप्तीचा हुकूम पोकळ ठरतो. वारसकन्येच्या बाबतीत मात्र तिचे स्वातंत्र्य ज्या आधारावर उभे आहे तोच आधार त्याने जातो. आणि ही केवळ इतिहासातली गोष्ट नाही. १८ मे १९५५ पासून अंमलात आलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाने पुनःस्थापनेचा उपाय कायम ठेवला व जप्तीचा मार्गही त्यासोबत चालू राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले.

रखमाबाईंविषयीच्या लेखनात मोहिनी वर्दे यांच्या ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ (१९८२) या चरित्राचे व सुधीर चंद्र यांच्या १९९८ मधील इंग्रजी ग्रंथाचे ऋण मोठे आहे. पहिल्याने मराठी वाचकास व्यक्ती दिली, दुसऱ्याने वसाहतकालीन कायद्याच्या संदर्भात खटला उभा केला. त्यांखेरीज जे किरकोळ लेखन वारंवार छापले जाते त्यात मात्र दोनच साचे आढळतात. एक छळलेल्या बालवधूचा, दुसरा ‘पहिल्या स्त्री-डॉक्टर’चा. यांपैकी दुसरा तर निष्काळजीपणाचा नमुना होय. आनंदीबाई जोशी व कादंबिनी गांगुली या १८८६ मध्येच वैद्यकीय शिक्षण पुरे करून बसल्या होत्या आणि गांगुलींनी कलकत्त्यास व्यवसायही केला. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडास गेल्या, १८९४ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांचे सुरतेस व राजकोटास घडलेले दीर्घ कार्य पहिलेपणाच्या बिरुदावर अवलंबून नाही.

तथापि दुसऱ्या टोकासही जाऊ नये. नकारामागे मिळकतच होती, असे म्हणणे म्हणजे दादाजीचे निवेदन प्रमाण मानणे होय. मिळकतीची चिंता असणारा मनुष्य तुरुंग पत्करण्यापूर्वी तडजोड करतो. त्या काळी पतीकडे जाण्यास मनातून नाखूष असलेल्या मुली असंख्य असतील. त्यांतील एकीचा नकार न्यायालयापर्यंत टिकला, कारण तिला राहावयास आईचे घर होते, वाचावयास सावत्र पित्याने दिलेली मोकळीक होती आणि पाठीशी स्वतःचे धन होते. या तीन आधारांपैकी चरित्रकारांनी पहिले दोन कौतुकाने सांगितले व तिसऱ्याविषयी संकोच बाळगला. हा संकोच वाङ्मयीन दृष्ट्याही अनिष्ट आहे, कारण त्यामुळे जयंतीबाईंचे पात्र निष्कारण फिके पडते. या संपूर्ण कथेत कायदा ओळखून वेळेवर पाऊल टाकणारी व्यक्ती जर कोणी असेल तर ती ही निरक्षरप्राय मानली गेलेली तरुण विधवा होय. तिच्याविषयी स्वतंत्र प्रकरण अद्याप लिहिले जावयाचे आहे.

जुलै १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजीने हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. विवाह त्यामुळे रद्द झाला नाही, कारण तसा मार्गच उपलब्ध नव्हता. १९०४ मध्ये दादाजी वारला तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने रखमाबाई त्याच्या पत्नीच होत्या. त्यानंतर त्यांनी विधवेचा वेष धारण केला, असे चरित्रकार नमूद करतात. दोन दशकांपूर्वी सक्तीच्या वैधव्यावर लेखणी चालविणारी स्त्री, न स्वीकारलेल्या पतीसाठी, सक्ती नसता पांढरे लुगडे नेसते, ही घटना कोणत्याही एका साच्यात बसत नाही. चरित्रकारांनी ती सांगितली, पण तिचा अर्थ लावण्याचे टाळले. १८८५ ते १८८८ मधील मराठी वृत्तपत्रांत रखमाबाईंच्या मिळकतीस कोणकोणते शब्द वापरले गेले, त्या मिळकतीस स्त्रीधन म्हटले की बापाची इस्टेट की नवऱ्याचा हक्क, हे एकत्र करून पाहिल्यास या मौनाचा काही उलगडा होण्याचा संभव आहे. उच्च न्यायालयाच्या दप्तरातील कागदांइतकेच या शब्दांचे संकलनही विभागातील संशोधक विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयास हवे.