व्ह्यूज मिळाले, दाद कोण देणार?

जळगाव-धुळ्याकडे हळदीच्या रात्री डीजेवर अहिराणी गाणं वाजलं नाही, तर ती हळद कसली! ‘हाई झुमका वाली पोर’ तर खान्देश ओलांडून पार पुण्या-मुंबईच्या रील्समध्ये पोचलं. यूट्यूबवर त्याला कोट्यवधी व्ह्यूज आहेत. पण ते लिहिलं कुणी? चाल कुणाची? नाचणाऱ्या दहा जणांना विचारून बघा. व्हिडिओतले चेहरे सगळ्यांना आठवतील, शब्द लिहिणारा क्वचितच कुणाला.

गाणं किती वाजलं हे व्ह्यूज सांगतात. त्यात चांगलं काय आहे आणि ते कुणामुळे आहे, हे सांगायला जाणकार कान लागतात. पुरस्काराचं खरं काम तेच. आपल्याकडच्या सोहळ्यांत मात्र गाणं बहुधा सिनेमाच्या शेपटीला बांधलेलं असतं. सिनेमा नसलेल्या अहिराणी गाण्याने जायचं कुठे?

म्हणून तैवानकडे बघू. १९९० पासून तिथलं सरकार ‘गोल्डन मेलडी अवॉर्ड्स’ देतं. चिनी भाषेतल्या पॉप संगीताचा हा सर्वांत मानाचा सोहळा. गीतकार, संगीतकार, संयोजक, निर्माता, प्रत्येकाला वेगळं बक्षीस. मँडरिन, तैवानी, हक्का आणि आदिवासी भाषांतल्या अल्बमना वेगवेगळे विभाग. ऐकायला छान वाटतं. पण इथेच एक मेख आहे. तैवानमध्ये सरकारमान्य आदिवासी समाज १६, आणि त्या सगळ्यांच्या भाषांसाठी अल्बमचा विभाग एकच! बाजूला एक छोटी पंगत मांडायची आणि मुख्य पानावर मोठ्या भाषेनेच बसायचं, असा हा मान.

२०२० मध्ये ही पंगत मोडली. आबाओ ही पैवान समाजाची गायिका. पैवान लोक सगळे मिळून लाखभर. तिच्या ‘किनाकाइआन’ या अल्बमच्या नावाचा अर्थच मायबोली. त्याला आदिवासी विभागाचं बक्षीस तर मिळालंच, शिवाय वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम आणि वर्षातलं सर्वोत्कृष्ट गाणं हे दोन्ही मान तिलाच मिळाले. चिनी पॉपच्या मंचावर चिनी नसलेली भाषा पहिली आली. ती दयेवर आली नाही. आबाओने मायबोली संग्रहालयात न ठेवता सोल आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात घालून नाचवली, आणि वरचा पुरस्कार सगळ्या भाषांना खुला होता, म्हणून परीक्षकांना ती निवडता आली.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून जास्त लोक आहेत. अहिराणी त्यातच मोजली जाते. पैवानच्या मानाने हा केवढा पसारा! तरी अहिराणी म्हणजे ‘बोली’, आणि बोली म्हणजे विनोदाला किंवा हळदीला, हे आपण ठरवून टाकलंय. आणि खरं सांगायचं तर आपले गाणारेही त्यातच रमलेत. तीच पोर, तोच नखरा, तोच ठेका. आखाजीच्या झोक्यावर सासर-माहेराचं दुखणं गाणाऱ्या बायांकडे, कानबाईच्या गाण्यांकडे केवढा शब्दसाठा आहे. आजच्या गाण्यांत त्यातलं फार थोडं उतरतं. हे तोंडावर सांगणारा परीक्षकही आपल्याला हवाय. नुसतं कौतुक म्हणजे दाद नव्हे.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी लेवा गणबोलीत रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे आणि आचार्य अत्र्यांच्या पारखी नजरेमुळे १९५२ मध्ये पुस्तकात आली. बहिणाबाई १९५१ मध्येच गेल्या होत्या. महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, तेव्हा ते बघायला त्या नव्हत्या.

आज गाणारे, लिहिणारे हयात आहेत, मोबाइलवर रोज भेटतात. त्यांच्यासाठी ‘सर्वोत्कृष्ट बोलीगीत’ नावाचा वेगळा कोपरा नको. मराठीत वर्षातल्या सर्वोत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार द्यायचा असेल, तर त्याच रांगेत अहिराणी गाणंही ऐका. हरलं तर हरलं. पण आधी नीट ऐका, आणि लिहिणाऱ्याचं नाव मंचावरून मोठ्याने घ्या.